विश्लेषण : कोड बरोबर असूनही परत का येतो? ओपन सोर्समधील लेखनशिस्तीचे नियम काय सांगतात?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका ओपन सोर्स प्रकल्पाला पहिल्यांदा कोड पाठवला. चूक छोटी होती, दुरुस्ती दोन ओळींची होती आणि ती बरोबरही होती. पण फाइल सेव्ह करताना माझ्या एडिटरने सगळ्या टॅबच्या जागी स्पेस भरून टाकल्या. समोरच्या माणसाला दोन नव्हे, चारशेहून अधिक ओळी बदललेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : नेमका बदल कोणता ते कळत नाही, लेखनाचे नियम वाचा आणि पुन्हा पाठवा.

तेव्हा राग आला होता. कोड चालतोय ना, मग टॅब काय आणि स्पेस काय? हा प्रश्न ओपन सोर्सच्या वाटेवर पाऊल ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला पडतो. त्याचे उत्तर शोधताना एका कंपनीच्या लाखो फोनची सुरक्षा आणि एका ‘=’ चिन्हाची गोष्टही समोर येते.

ओपन सोर्स प्रकल्पाला कोड पाठवतात म्हणजे काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो आणि बदलता येतो ते ओपन सोर्स. सर्वात मोठे उदाहरण लिनक्स कर्नलचे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे विद्यार्थी असलेल्या लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते सुरू केले. तुम्ही हा मजकूर अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्या फोनच्या मुळाशी हेच कर्नल आहे. जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सगळी यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

या कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. हे बदल जगभरातून येतात. काही कंपन्यांचे पगारी अभियंते पाठवतात, काही हौशी मंडळी, काही विद्यार्थी. प्रत्येक बदलाला पॅच म्हणतात. तो थेट मूळ कोडमध्ये जात नाही. त्या त्या विभागाचा सांभाळ करणारी व्यक्ती, म्हणजे मेंटेनर, तो वाचते, प्रश्न विचारते, दुरुस्त्या सुचवते आणि पटले तरच पुढे पाठवते.

इथेच खरी अडचण आहे. पाठवणारे हजारो, वाचणारे मोजके. त्यामुळे अशा प्रकल्पात सर्वात महाग गोष्ट म्हणजे वाचणाऱ्याचे लक्ष. लेखनाचे बहुतेक नियम त्या लक्षाची बचत करण्यासाठीच आहेत.

लेखनशिस्त म्हणजे नेमके काय?

आमच्या व्यवसायातले उदाहरण घेऊ. ‘इंजिनीअरिंग’ लिहायचे की ‘इंजिनियरिंग’, ‘गावे’ की ‘गावं’, हे प्रत्येक वृत्तपत्र आपल्यापुरते ठरवून घेते. महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये स्वीकारले, ते याच गरजेतून. दोन्ही रूपांचा अर्थ वाचकाला कळतोच. पण एकाच पानावर दोन्ही दिसली की वाचणारा क्षणभर अडखळतो.

कोडचेही तसेच आहे. संगणकाला बहुतेक भाषांत ओळ किती आत सरकवली आहे, कंस त्याच ओळीवर आहे की पुढच्या, याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो माणसाला. ओळी किती आत सरकवायच्या, महिरपी कंस कुठे उघडायचा, नावे कशी ठेवायची, टिपणे कुठे लिहायची, ओळ किती लांब असावी, याचा लिखित करार म्हणजे लेखनशिस्त, म्हणजेच कोडिंग स्टाइल.

पायथन भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचे यामागचे निरीक्षण साधे आहे : कोड लिहिला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वाचला जातो. म्हणून सोय लिहिणाऱ्याची नव्हे, वाचणाऱ्याची पाहायची.

लिनक्सचे नियम कोणते?

कर्नलच्या कोडसोबतच एक दस्तावेज येतो. त्यात टॉरवल्ड्स यांच्या मिश्कील स्वभावाची छाप आहे. ग्नू प्रकल्पाची नियमावली छापून घ्या आणि न वाचता प्रतीकात्मकरीत्या जाळून टाका, असा खोडसाळ सल्ला सुरुवातीलाच मिळतो. त्यानंतरचे नियम मात्र गांभीर्याने पाळले जातात. त्यातले मुख्य असे :

• ओळ आत सरकवायची ती टॅबने आणि टॅबची रुंदी आठ अक्षरे.

• महिरपी कंस त्याच ओळीच्या शेवटी उघडायचा. अपवाद फक्त फंक्शनचा, तिथे तो नव्या ओळीवर. ही पद्धत ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ च्या पुस्तकातून आली.

• फंक्शन छोटे असावे आणि त्याने एकच काम करावे. ते स्क्रीनच्या एक-दोन पानांत मावले पाहिजे. त्यातली स्थानिक व्हेरिएबल पाच-दहांच्या वर जाऊ नयेत, कारण माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी राहतात.

• नावे साधी ठेवावीत. छोट्या लूपच्या मोजणीला ‘आय’ हे एकाक्षरी नाव पुरते. सगळीकडून वापरल्या जाणाऱ्या फंक्शनला मात्र अर्थ सांगणारे पूर्ण नाव हवे.

• टिपणात कोड काय करतो ते लिहावे. तो कसे करतो हे टिपणातून समजावण्याची वेळ येत असेल तर कोडच पुन्हा लिहावा.

• वापरकर्त्याला दिसणारा त्रुटीचा संदेश कितीही लांब असला तरी दोन ओळींत तोडू नये.

शेवटचा नियम वरवर विचित्र वाटतो. कारण ऐकले की पटतो. कुणाच्या तरी सर्व्हरवर रात्री दोन वाजता एक संदेश उमटतो. तो जसाच्या तसा उचलून अभियंता कोडमध्ये शोधतो. संदेश दोन ओळींत तोडलेला असेल तर शोध रिकामा परततो. ओळीच्या लांबीचा नियम इथे मोडायचा, असे नियमावलीच सांगते.

आठ अक्षरांचा टॅब आणि ८० अक्षरांची ओळ कुठून आली?

आठ अक्षरे म्हणजे बरीच जागा. चार किंवा दोन का नाहीत? टॉरवल्ड्स यांचे म्हणणे असे की, सलग वीस तास स्क्रीनकडे पाहिल्यावरही कोडचा एखादा भाग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे डोळ्यांना दिसले पाहिजे. टॅबची रुंदी चार करा म्हणणे म्हणजे गणितातल्या पायची किंमत तीन ठरवण्यासारखे आहे, असा टोलाही त्यांनी हाणला आहे.

त्यात एक छुपा धाकही आहे. अटीच्या आत अट, तिच्या आत लूप, त्याच्या आत पुन्हा अट असे लिहीत गेले की आठ-आठ अक्षरांनी ओळ उजव्या कडेला जाऊन धडकते. तीनपेक्षा जास्त पातळ्या लागत असतील तर टॅबला दोष देऊ नका, कोडची रचनाच बदला, असा त्याचा अर्थ.

८० चा आकडा लिनक्सच्या कितीतरी आधीचा आहे. आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या पंच कार्डावर ८० रकाने होते. पुढे टर्मिनलच्या स्क्रीनही ८० अक्षरे रुंद आणि २४ ओळी उंच झाल्या. कार्ड गेली, ती टर्मिनल गेली, आकडा मात्र राहिला.

मे २०२० मध्ये यावर चर्चा झाली. आता स्क्रीन मोठ्या आहेत, ८० च्या हट्टापायी ओळी नको तिथे तुटतात आणि वाचायला उलट अवघड होतात, अशी भूमिका खुद्द टॉरवल्ड्स यांनी घेतली. त्यानंतर कर्नलच्या तपासणी साधनाने इशारा देण्याची मर्यादा १०० अक्षरांवर नेली. नियमावलीत ८० ला पसंती कायम आहे, पण वाचनीयता वाढत असेल तर पुढे जाण्याची मुभाही आहे.

‘गोटू फेल’ : एका ओळीने काय घडवले?

लेखनशिस्त केवळ नीटनेटकेपणासाठी नाही, याचा दाखला म्हणून २०१४ ची एक घटना हमखास सांगितली जाते. २१ फेब्रुवारी २०१४ रोजी अ‍ॅपलने आयफोनसाठी आयओएस ७.०.६ हे तातडीचे अपडेट आणले. चूक होती सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये. तुम्ही बँकेची वेबसाइट उघडता तेव्हा समोरचा सर्व्हर खरोखर त्या बँकेचाच आहे का, हे हा कोड पडताळतो.

त्यात एकापाठोपाठ एक तपासण्या होत्या. प्रत्येक अटीखाली एकच ओळ : ‘गोटू फेल’. म्हणजे ही तपासणी फसली तर थेट शेवटच्या भागाकडे जा. एका ठिकाणी ही ओळ चुकून दोनदा आली. अटीला महिरपी कंस नव्हता. सी भाषेच्या नियमानुसार कंस नसेल तर अटीच्या ताब्यात फक्त पुढची एक ओळ येते. त्यामुळे दुसरी ‘गोटू फेल’ अटीबाहेर पडली आणि दर वेळी चालू लागली.

परिणाम उलटा झाला. पुढची निर्णायक तपासणी होण्याआधीच कोड शेवटाकडे उडी मारत होता. तोवर चूक नोंदली गेली नसल्याने उत्तर ‘सर्व ठीक’ असेच जात होते. त्याच वायफायवर बसलेला एखादा भामटा स्वतःला बँकेचा सर्व्हर म्हणून मिरवू शकला असता. ही चूक आयओएस ६ पासून होती. मॅकसाठीची दुरुस्ती आणखी चार दिवसांनी आली.

ती जादा ओळ वरच्या ओळीइतकीच आत सरकवलेली होती, ही यातली खरी गोम. डोळ्यांना ती अटीच्या आत दिसत होती, संगणकासाठी ती बाहेर होती. मांडणी एक सांगत होती आणि कोड दुसरेच करत होता. पुढे २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मांडणीसाठी खास इशारा देण्याची सोय झाली.

या घटनेनंतर अनेकांनी धडा घेतला : अट एका ओळीची असली तरी महिरपी कंस लावायचाच. गंमत अशी, की लिनक्सची नियमावली याच्या उलट सांगते. एकच ओळ असेल तर कंस उगाच लावू नका. म्हणजे एकाच प्रश्नावर दोन जाणत्यांचे दोन नियम असू शकतात. एका प्रकल्पात मात्र एकच नियम हवा आणि तो तपासणारे यंत्र व माणूस दोन्ही हवेत.

एका ‘=’ चिन्हाने लिनक्सचे काय होऊ शकले असते?

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. त्या काळी मुख्य कोड बिटकीपर या प्रणालीत असे आणि त्याची एक प्रत सोयीसाठी दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली असे. घुसखोरी त्या प्रतीत झाली होती.

ओळी दिसायला निरुपद्रवी होत्या. विशिष्ट पर्याय एकत्र दिले आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल तर त्रुटी परत कर, असे वाटावे. पण तुलनेसाठी लागणाऱ्या ‘==’ ऐवजी तिथे एकच ‘=’ होते. सी भाषेत एक ‘=’ म्हणजे तुलना नव्हे, किंमत देणे. शून्य हा क्रमांक सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा. म्हणजे ती ओळ विचारत नव्हती, तर बिनबोभाट संगणकाच्या साऱ्या किल्ल्या हातात देत होती.

हा डाव लेखनशिस्तीमुळे उघडा पडला असे नाही. मुख्य कोडमध्ये नसलेला बदल प्रतीत कसा आला, या हिशेबात तो पकडला गेला आणि लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. पण तो एक गोष्ट शिकवून जातो. धोका एका चिन्हाएवढा छोटा असू शकतो. ते चिन्ह दिसायचे असेल तर आजूबाजूला कचरा नको. चारशे ओळींच्या टॅब-स्पेसच्या उलथापालथीत असा एक ‘=’ लपला, तर तो कुणाला सापडणार? माझा पहिला पॅच परत करणाऱ्या मेंटेनरचा मुद्दा मला ही गोष्ट वाचल्यावर कळला.

नियम सगळीकडे सारखेच असतात का?

नाही. पायथनची ‘पेप ८’ ही नियमावली जुलै २००१ ची आहे. तिच्यात टॅब नव्हे तर चार स्पेस आणि ओळीला ७९ अक्षरे. पायथनमध्ये तर ओळ आत सरकवणे हा भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. तिथे मांडणी चुकली की अर्थ बदलतो किंवा प्रोग्राम चालतच नाही. गो भाषेत पुन्हा टॅब.

एकाच प्रकल्पातही घराघराच्या चालीरीती असतात. लिनक्सच्या नेटवर्किंग विभागात व्हेरिएबलच्या घोषणा सर्वात लांब ओळ आधी, सर्वात छोटी शेवटी अशा क्रमाने लिहाव्या लागतात. या उतरत्या आकाराला तिथली मंडळी ‘उलटा ख्रिसमस ट्री’ म्हणतात. इतर विभागांत हा आग्रह असेलच असे नाही.

म्हणून जाणकारांचा पहिला सल्ला असा : नियमावली वाचाच, पण ज्या फाइलमध्ये बदल करायचा तिच्यातला आजूबाजूचा कोडही वाचा. ‘पेप ८’ स्वतःच सांगते की सुसंगती महत्त्वाची असली तरी तिचा अट्टहास नको. नियम पाळल्याने कोड वाचायला अवघड होत असेल तर नियम बाजूला ठेवावा.

टॅब की स्पेस, हा वाद एवढा का रंगतो?

ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. समितीसमोर अणुभट्टीचा प्रस्ताव आला तर तो चटकन मंजूर होतो, कारण त्यातले फारसे कुणाला कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडचा विषय आला की मात्र प्रत्येकाकडे मत असते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ओपन सोर्स प्रकल्पातील एका वादात पोल-हेनिंग कॅम्प यांनी या शेडची आठवण करून दिली आणि तेव्हापासून फुटकळ गोष्टींवरच्या अशा चर्चेला प्रोग्रामर मंडळी ‘बाइकशेडिंग’ म्हणू लागली. सोसायटीच्या वार्षिक सभेला जो कधी बसला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

यावरचा तोडगा म्हणजे निर्णय यंत्रावर सोपवणे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेसोबत ‘गोफम्ट’ हे साधन येते. ते सगळा कोड एकाच ठरावीक साच्यात बसवते आणि त्यात आवडीनिवडीला जवळजवळ वाव नाही. तो साचा प्रत्येकाच्या मनासारखा नसेलही, पण वाद संपल्याचे समाधान सर्वांना आहे. पायथनसाठी २०१८ मध्ये आलेले ‘ब्लॅक’ हे साधन त्याच वाटेने जाते.

लिनक्समध्ये ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट आहे. पॅच पाठवण्याआधी ती चालवली की ती त्रुटी आणि इशारे दाखवते. २०१८ पासून ‘क्लँग-फॉरमॅट’ या साधनासाठीची मांडणीही कर्नलच्या कोडसोबत मिळते. पण चेकपॅच हा मार्गदर्शक आहे, न्यायाधीश नाही, असे तिथले अनुभवी लोक वारंवार सांगतात.

मग जुना कोड नीटनेटका करून पाठवावा का?

नवख्यांना हा मोह होतोच. चेकपॅच जुन्या फाइलवर चालवले की इशाऱ्यांची रांग लागते. ते सगळे दुरुस्त करून पाठवले की आपले पहिले योगदान झाले, असा हिशेब असतो. लिनक्सच्या बहुतांश विभागांत असे निव्वळ सजावटीचे पॅच स्वीकारले जात नाहीत.

कारणे व्यावहारिक आहेत. त्या फाइलवर इतर कुणी काम करत असेल तर त्याचा पॅच बसेनासा होतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षा दुरुस्त्या नेणाऱ्यांचे काम वाढते. शिवाय ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद असते. ही प्रणालीही टॉरवल्ड्स यांनीच २००५ मध्ये बनवली. सजावटीचा पॅच आला की शेकडो ओळींवर सर्वात वर नाव दिसते ते सजावट करणाऱ्याचे. दहा वर्षांपूर्वी ती ओळ का लिहिली गेली, हे शोधायला एक पायरी जास्त उतरावी लागते. सातबाऱ्यावर निष्कारण एक फेरफार चढावा, तसेच हे.

शिकणाऱ्यांसाठी मात्र दार उघडे आहे. कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा भाग आहे. अजून पुरते तयार नसलेले ड्रायव्हर तिथे ठेवतात. लेखनशिस्तीच्या दुरुस्त्या करून पॅच पाठवण्याचा सराव तिथे करता येतो.

कोडसोबतचा निरोप एवढा महत्त्वाचा का?

लेखनशिस्त कोडवर संपत नाही. प्रत्येक बदलासोबत एक निरोप लिहावा लागतो. पहिली ओळ छोटी, तिच्यात विभागाचे नाव आणि बदलाचे सार. खाली सविस्तर कारण. अडचण काय होती, वापरकर्त्याला काय दिसत होते, हाच उपाय का निवडला. ‘मी हे बदलले’ असे न लिहिता ‘हे बदला’ अशा आज्ञार्थी वाक्यात लिहावे, असा लिनक्सचा संकेत आहे.

एका पॅचमध्ये एकच गोष्ट, हा दुसरा दंडक. चूक दुरुस्त करताना नावेही बदलायची असतील तर ते दोन पॅच. एक बदल पुढे त्रासदायक ठरला तर तेवढाच मागे घेता येतो.

शेवटी पाठवणाऱ्याची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती जाहीर ग्वाही असते. लिनक्सच्या मालकीवरून अमेरिकेत न्यायालयीन वाद सुरू असताना, २००४ मध्ये ही पद्धत आली.

लिनक्सचे पॅच आजही मुख्यतः ईमेलने जातात आणि तेही साध्या मजकुराच्या. जीमेलच्या वेब पानावरून पाठवलेल्या मेलमध्ये टॅबचे स्पेस होतात आणि पॅच निकामी होतो, असे कर्नलचा दस्तावेज स्पष्ट सांगतो. म्हणून त्यासाठी ‘गिट सेंड-ईमेल’ वापरतात.

भारतीय विद्यार्थ्यांचा विषय इथे कसा आला?

‘हॅक्टोबरफेस्ट’ हा डिजिटलओशन कंपनीने २०१४ मध्ये सुरू केलेला उपक्रम. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक संख्येने बदल पाठवले की टी-शर्ट मिळे. २०२० च्या ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी अनेक मेंटेनर वैतागले. माहितीच्या फाइलमध्ये एखादे कौतुकाचे विशेषण घालायचे आणि बदल म्हणून पाठवायचे, असा सपाटा लागला होता. भारतातल्या एका यूट्यूब व्हिडीओत बदल पाठवण्याचे असे प्रात्यक्षिक दाखवले होते आणि अनेकांनी ते जसेच्या तसे गिरवले, असे त्या वेळी समोर आले. अवघ्या काही दिवसांत नियम बदलला आणि जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तिथलेच बदल मोजले जाऊ लागले.

यात वाईट हेतू फार थोड्यांचा असावा. आपल्याकडे कोड लिहिला जातो तो सबमिशनसाठी. प्रॅक्टिकलला आउटपुट आले, जर्नलवर सही झाली, व्हायवा झाला की तो कोड पुन्हा कुणी उघडत नाही. आपण लिहिलेले दुसऱ्या कुणाला पाच वर्षांनी वाचायचे आहे, ही कल्पनाच चार वर्षांत कधी समोर येत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती एकदम समोर येते. कारण कंपन्यांतही कोड सहकाऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

हे नियम नवख्यांना दूर लोटतात का?

हा आक्षेप रास्त आहे. इंग्रजीतला लांबलचक दस्तावेज, ईमेलची जुनाट वाटणारी पद्धत आणि त्यावर कधीकधी मिळणारे तिरकस उत्तर, यांमुळे अनेक जण पहिल्याच प्रयत्नात मागे फिरतात. लिनक्समधल्या उत्तरांचा सूर तर बरीच वर्षे कुप्रसिद्ध होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरवल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली.

नियमही काळासोबत बदलतात. २०२० मध्ये लिनक्सच्या लेखनशिस्तीत मालक-गुलाम आणि काळी यादी-पांढरी यादी या अर्थाचे प्रचलित इंग्रजी शब्द नव्या कोडमध्ये टाळावेत, असे कलम आले.

दुसरी बाजूही आहे. नियम लिहिलेले असले की अनुभवी आणि नवखा दोघांना एकच माप लागते. आमच्याकडे असेच करतात, हे आतल्या गोटातले ज्ञान उरत नाही. सोलापूरच्या किंवा जळगावच्या विद्यार्थिनीला ओळखपाळख नसतानाही, तो दस्तावेज वाचून, जगातल्या सर्वात मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांपैकी एकात आपले नाव नोंदवता येते.

एआयने कोड लिहून दिला तर?

एआयची साधने नीट मांडणीचा कोड सहज लिहितात. त्यामुळे टॅब-स्पेसच्या चुका कमी होतील, पण वाचणाऱ्याचा भार कमी होईलच असे नाही. दिसायला सुबक आणि आतून चुकीचा कोड ओळखणे जास्त कष्टाचे असते. एप्रिल २०२४ मध्ये जेन्टू या लिनक्स वितरणाने एआयने तयार केलेले योगदान न स्वीकारण्याचा निर्णय घेतला. इतर प्रकल्पांची धोरणे वेगवेगळी आहेत, म्हणून पाठवण्याआधी त्या प्रकल्पाचे धोरण पाहावे. खाली नाव मात्र तुमचे असते. ही ओळ का लिहिली, असे विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

पहिला बदल पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

• प्रकल्पातील योगदानाची आणि लेखनशिस्तीची फाइल आधी वाचा.

• एडिटरमधील टॅब-स्पेसची मांडणी त्या प्रकल्पाप्रमाणे लावा. सेव्ह करताना आपोआप फाइल बदलण्याची सोय बंद ठेवा.

• प्रकल्पाने दिलेले तपासणी साधन चालवा.

• पाठवण्याआधी ‘गिट डिफ’ उघडून स्वतःचा बदल ओळीओळीने वाचा. तुम्ही न केलेला बदल दिसला तर थांबा.

• एका वेळी एकच गोष्ट पाठवा आणि निरोपात कारण लिहा.

• उत्तर यायला वेळ लागतो. रोज आठवण करू नका, आठवडाभर तरी थांबा.

• दुरुस्त्या सुचवल्या तर नव्या आवृत्तीत त्या करा आणि काय बदलले ते सांगा. पॅच परत येणे म्हणजे नकार नव्हे.

माझ्या पहिल्या पॅचचे पुढे काय झाले? एडिटरची ती सोय बंद करून मी तो पुन्हा पाठवला. या वेळी समोर दोनच ओळी गेल्या. त्याच मेंटेनरने त्यातल्या एका ओळीतली खरी चूक दाखवली. पहिल्या वेळी ती त्यालाही दिसली नव्हती आणि मलाही. तिसऱ्या खेपेला पॅच स्वीकारला गेला.